शेकोटीवरचं फूल

इतिहास मंडळाच्या मिस हेगार्थनी शेकोटीवरच्या आडव्या शिळेवर टॉर्च धरला आणि त्या स्टुलावरून पडता पडता वाचल्या.

"सहा पाकळ्या! चेटकिणीनं धुराड्यातून घरात उतरू नये म्हणून कोरलेलं फूल. साडेतीनशे वर्षांचं तरी असेल ना, मिस्टर आल्डर्सन?"

विल्फ्रेड आल्डर्सनचे कान तापले. ते फूल त्यानंच नवव्या वर्षी, गोवर आलेला असताना, कंपासपेटीतल्या कर्कटकानं कोरलं होतं. खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या प्रदर्शनाचा तो पंच. त्याच्या शब्दावर बक्षिसं ठरत. पण बाई इतक्या खुशीत होत्या, की तो म्हणाला, "असेल बुवा."

चर्चच्या पत्रकात छापून आलं, 'घरमालकांचाही दुजोरा.' मग इतिहास मंडळाचे चाळीस सभासद दारात बूट काढून फूल बघून गेले. महिन्याभरात मिस हेगार्थच्या अर्जावरून घर संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं.

शनिवारी त्याच स्वयंपाकघरात मिस हेगार्थच्या पुस्तिकेचं प्रकाशन होतं. अर्पणपत्रिका त्यांनी मोठ्यानं वाचली, "सत्य जपणाऱ्या आल्डर्सन कुटुंबास."

विल्फ्रेड उठला. "फूल मी कोरलंय. नऊ वर्षांचा होतो."

मागून कोणीतरी विचारलं, "चहा टाकू का?"

मिस हेगार्थनी चष्मा पुसला. "निदान शिळा तरी जुनी आहे."

"जुनीच आहे," स्कोनच्या गोड पावांना लोणी लावणारी विल्फ्रेडची आई खाली मान घालून म्हणाली. "पण आमची नाही. ह्याच्या बापानं कीर्टनांच्या पडक्या घरातून आणली. न विचारता."

शेजारचा जॉर्ज कीर्टन पुढे आला. "आमची शिळा? आमचा म्हातारा मरेपर्यंत ती शोधत होता!"

"तिच्यावर तुमच्या घराण्याची अक्षरं होती रे. विल्फनं नेमकं त्यांच्यावरच फूल कोरलं. म्हणून तर मी त्याला ओरडले नाही."

मिस हेगार्थनी पुन्हा टॉर्च धरला, या वेळी अगदी तिरपा. पाकळ्यांखालून हळूहळू अक्षरं वर आली : आर. के., १६८९.

"विल्फ, सोमवारी ट्रॅक्टर आणतो," कीर्टन म्हणाला.

"आण," विल्फ्रेड जमिनीकडे बघत म्हणाला.

"नाही आणता येणार," मिस हेगार्थ पुटपुटल्या. आता त्यांचेही कान लाल झाले होते. "घर संरक्षित आहे. इथला एक दगडही हलवता येत नाही."

"कोणी केलं संरक्षित?" कीर्टननं विचारलं.

त्यांनी पुस्तिका पाठीमागे लपवली.

आईनं ताटातला सगळ्यात मोठा स्कोन निवडला, त्यावर दुप्पट जॅम घातला आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता कीर्टनपुढे सरकवला.