आबांचं बिनभिंतीचं दार

पाऊस आला की भिकूआबा धावत जाऊन दार लावून घ्यायचे. यात विशेष काही नाही. फक्त त्या दाराला घर नव्हतं.

पवना धरणाच्या काठावर, आबांच्या मोकळ्या माळावर, एक जुनी सागवानी चौकट आणि तिला दोन फळ्यांचं दार उभं होतं. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे नाही, मागे नुसतं पाणी. शेजारी आबांची पत्र्याची खोली. तिला मात्र दाराऐवजी गोणपाट.

"आबा, चहूबाजूंनी पाऊस येतोय. दार कशाला लावता?" मी एकदा विचारलं.

"मंग काय उघडं टाकू? घरात पानी येतंय न्हवं!"

म्हैससुद्धा दारातूनच जायची. वळसा घालून गेली, तर आबा तिला परत फिरवून आणत. एकदा मोजणीला आलेले साहेब तिपाई घेऊन सरळ माळावरून निघाले. आबा कडाडले, "ओ सायेब! दार काय शोभंला हाय व्हय?" साहेब निमूट मागे फिरले आणि चौकटीला डोकं आपटून रीतसर आत आले.

मी लोणावळ्यातला निवृत्त मास्तर. आबांची जमीन ग्रामपंचायतीने घेऊन तिथे सगळ्यांसाठी बाग करावी, म्हणून जी समिती नेमली, तिचा अध्यक्ष. आजूबाजूचा काठ तारेच्या कुंपणाआड गेलाच होता. हीही जमीन बंगलेवाल्यांकडे गेली असती, तर गावाला पाण्यापर्यंत पोचायला वाटच राहिली नसती.

मी नकाशे नेले, भाषणं दिली. आबा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "मास्तर, च्या घ्या आन् जावा. दारातनं जावा." बंगलेवाल्यांनाही हेच उत्तर, फक्त चहा नाही.

शेवटी बाग झाली. मास्तरांनी आबांचं मन वळवलं, असं उद्घाटनाला सगळ्यांनी सांगितलं. शाल मी घेतली, नारळही घेतला. ती शाल अजून अंगाला टोचते, म्हणून आता खरं काय झालं ते लिहितो.

असाच एकदा नकाशा घेऊन निघालो, त्या दिवशी माझी बायको कुसुम सहज सोबत आली होती. तिचं माहेर धरणात बुडालं, आमच्या लग्नानंतर लवकरच. आबांचं गावही तेच. तिने कधी विषय काढला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

दार उघडंच होतं. मी आत जाऊन नकाशा पसरला. मागे पाहतो तर कुसुम उंबऱ्याबाहेर थांबलेली.

"अगं ये ना, उघडंच आहे."

ती हलली नाही. पदर सावरून नुसती उभी.

आबा तिच्याकडे बघत राहिले. "कुनाची गं तू?"

"खालच्या आळीतल्या सुताराची."

"थांब! आत येऊ नगंस."

आबा खोलीत धावले. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. तिच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून लांब टाकला.

"ये आता."

कुसुम आत आली आणि माझ्या नकाशावर बसून ढसाढसा रडली.

"गावच्या पोरी म्हायेराला येत्यात," आबा मला हळूच म्हणाले. "गाव गेलं पान्यात. त्यांनी कुटं यायचं? म्हून दार तेवढं उचलून आनलं."

आबांना सख्खी बहीण नाही.

मग त्यांनी पहिल्यांदाच बागेबद्दल काहीतरी विचारलं. "तुमच्या बागंला कुलूप असनार का?"

"नाही, आबा."

"मंग घ्या. दार मातर ऱ्हाईल."

राहिलं. यंदा भाऊबीजेला आम्ही गेलो, तेव्हा पोरंपोरी चौकटीत उभं राहून फोटो काढत होती. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी कडेच्या फरशीवरून निघालो.

"मास्तर, दारातनं!"

कुसुम उंबऱ्यापाशी उभी होती. आयुष्यभर घाईत असलेली ही बाई तिथे मात्र थांबते. पलीकडून आबा काठी टेकत येत होते. तांब्यातलं निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं.

मी मागे फिरलो आणि तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो.