विमान उतरवणारे शिदूअण्णा

सिनेमातला सगळ्यात जीवघेणा प्रसंग ऐन रंगात आला, की आमच्या थिएटरात एक माणूस खुर्चीतून उठायचा आणि खड्या आवाजात जाहीर करायचा, "घाबरू नगा! विमान सुखरूप उतरतंय!"

हे शिदूअण्णा.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी सांगलीत एका थिएटरचा मॅनेजर होतो. तेव्हा आमच्याकडे विमानाचा एक रहस्यपट लागला होता. धुक्यात सापडलेलं विमान, बेशुद्ध पडलेला वैमानिक, संपत आलेलं पेट्रोल आणि प्रवाशांत दडलेला खुनी, असा सगळा मसाला. आमच्या गावात विमान जवळून कुणी पाहिलेलं नव्हतं. माधवनगरच्या गिरण्यांतली माणसं पाळी सुटली की थेट तिकिटाच्या खिडकीवर येत. एवढ्या गर्दीच्या पोटात आम्ही मोठ्या कष्टाने गोळा आणायचा, आणि शिदूअण्णा तो एका वाक्यात घालवायचे. बायकांच्या बाजूला कुणी मुसमुसलं, तर तिकडे मान वळवून म्हणत, "अगं आक्का, रडतीस कशापायी? उतरतंय म्हटलं की!"

गंमत म्हणजे माणूस हळदीचा अडत्या. आमच्या हळदपेठेत भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकत, खाली एकमेकांची बोटं दाबत आणि सौदा ठरे. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे. या विद्येत अण्णांचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. हळद काय भावाने गेली हे त्यांच्या बायकोलासुद्धा कधी कळलं नाही. "पेठंचं पेठंत," एवढंच तिला उत्तर. एकुलता एक मुलगा शंकर पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. त्याचं विचारलं की "मजेत हाय" म्हणून पानाचा डबा पुढे सरकवायचे. अशा पक्क्या पोटाच्या माणसाला एका सिनेमाचा शेवट तेवढा पचत नव्हता.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, शेवट सांगताच आहात, तर खुनी कोण तेही सांगून टाका."

अण्णा खरोखरच गोंधळले. "खून? खून कवा झाला रं?"

रोज तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा हा प्रश्न! चौकशी केली तेव्हा कळलं, की विमान हेलकावे खायला लागेपर्यंत ते चक्क झोप काढतात.

मी समजावलं, हात जोडले, फुकट चहा पाजला. अण्णांचं एकच म्हणणं. "लोकांच्या जिवाला घोर नगं, गड्या. तुजं काय जातंय?"

माझी गिऱ्हाइकं जात होती! रविवारी दुपारी आमच्याकडचा शेवटचा खेळ होता, मग रिळं साताऱ्याला जायची होती. "त्या खेळाला तरी अण्णांना गप बसवा, न्हाईतर आमी येत न्हाई," असं माधवनगरवाल्यांनी बजावलं. मी तडक पेठेत गेलो. अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि त्यांचं बोट दाबलं.

"सौदा करू या. रविवारी तोंड बंद."

अण्णांचा चेहरा उतरला. रुमालाखाली दिलेला शब्द मोडणाऱ्याला पेठेत कुणी दारात उभं करत नसे. शेवटी त्यांनी माझं बोट दाबलं.

रविवारी मी खबरदारी म्हणून त्यांच्या शेजारीच बसलो. त्यांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. विमान धुक्यात शिरलं. थिएटर चिडीचूप झालं. अण्णा खरंच बोलले नाहीत, पण त्यांची बोटं माझा हात आवळू लागली. पेठेतल्या कुठल्याही आकड्याची ती खूण नव्हती. पडद्यावर इंजिन बंद पडलं, विमान खाली झेपावलं आणि नेमकी तिथे फिल्म तुटली.

दिवे लागले, शिट्ट्या सुरू झाल्या. मी ऑपरेटरकडे धावणार, तर अण्णा हात सोडेनात. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"म्यानेजर, उतरंल न्हवं रं ते?"

"अण्णा, तुम्हीच तर रोज सांगता!"

"शंकरची पलटण विमानानं पुढं न्हेली," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यासंगं हुता तो खंडाळ्याचा गडी रजेवर आला, त्यानं सांगितलं. शंकर चढलेला त्यानं बघितला. विमान उडालेलं बघितलं. उतरलेलं कुणीच बघितलं न्हाई. सरकारबी काय सांगंना. घरात म्हणतो, मजेत हाय."

मला रडू आलं. एवढ्यात दिवे मालवले गेले आणि विमान पुन्हा धुक्यात दिसू लागलं. अण्णांनी ओठ घट्ट मिटले. शब्द दिला होता ना मला!

मी रुमाल काढून घेतला. "अण्णा, सौदा मोडला. सांगा लोकांना."

"आनी माधवनगरवालं?"

"त्यांचं मी बघतो. उठा तुम्ही."

अण्णा उठले. "घाबरू नगा," ते म्हणाले. "विमान..." पुढचे शब्द काही केल्या येईनात. माणसं माना वळवून बघायला लागली.

मग मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि मॅनेजरच्या सगळ्या अधिकाराने ओरडलो, "सुखरूप उतरतंय!"