डोमाजी गुरुजींच्या निबेची मोहीम

प्रथम नमन शाईला, मग कागदाला, आणि त्या दोहोंची गाठ घालून देणाऱ्या टोकाला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, धान खळ्यावरून घरी आलेले, हवेत गारवा, ऐशा समयी गोंदियाप्रांती मौजे बिरसी येथे जी मोहीम जाहली तिचा मजकूर येणेप्रमाणे.

बिरसीत सुमनबाई म्हणून एक सेवानिवृत्त शिक्षिका, वय वर्षे बहात्तर, बहुत धीराच्या. तीस वर्षे पहिलीच्या पोरांचा हात हाती धरून अक्षर गिरवून घेणे हीच त्यांची मुलूखगिरी. त्यांचे तीर्थरूप डोमाजी गुरुजी हे डावखुरे होते. त्यांनी एका काळ्या फाउंटन पेनाने चाळीस वर्षे शाळेची हजेरी मांडली आणि गावच्या लोकांचे अर्ज लिहिले, आणि लिहिता लिहिता निबेचे टोक त्यांच्या हाताच्या कलाने झिजून एका अंगास उतरते जाहले. गुरुजी गेले, पेन राहिले, आणि सुमनबाईंस वाटे की वडिलांचा हात अजून त्या उतारात आहे.

मग ऐसे घडले की त्यांची नात समीक्षा हिची शिक्षिकेच्या पदी नेमणूक जाहली आणि सोमवारी रुजू होण्याचा हुकूम आला, आणि तिने हट्ट धरला की हजेरीपटावर पहिली सही पणजोबांच्या पेनानेच करीन. परंतु समीक्षा उजव्या हाताची. तिने पेन कागदावर टेकविताच निबेने ऐसा कर्कश आवाज केला की अंगणातले मांजर उठून गेले. तेव्हा गोंदिया शहरातील जुने पेन दुरुस्तीवाले चुन्नीलालजी यांस पाचारण जाहले. ते रविवारी सकाळी स्कूटरवर घासण्याचा दगड घेऊन दाखल झाले, आणि त्यांनी निब दोन बोटांत फिरवून निवाडा दिला.

“बाई, घिसना पडेगा. पाँच मिनट का काम है, बच्ची मक्खन जैसा लिखेगी. लेकिन मेरी दुर्ग की गाड़ी चार बजे की है. फिर पंद्रह दिन नहीं मिलूँगा.”

सुमनबाई पेचात पडल्या. घासावी तर वडिलांचा उतार कायमचा जातो, न घासावी तर नातीची सही अडते. मग ओसरीवर खलबत होऊन ठराव जाहला की घासण्यापूर्वी त्या उताराचे छायाचित्र घ्यावे, आणि ते इतके मोठे घ्यावे की चाळीस वर्षांची झीज डोळ्यांस दिसावी, आणि मगच दगड चालवावा. मुदत दुपारी तीनपर्यंत.

सरंजाम जमला तो ऐसा. तोफेच्या जागी समीक्षाचा मोबाइल. त्याच्या डोळ्यावर घड्याळजी वापरतात तैसे चुन्नीलालजींचे भिंग, कणकेच्या गोळ्याने चिकटविलेले. मोबाइल दोन डब्यांवर आडवा, डोळा खाली करून ठेविला, खाली वाटीभर नवे धान ठेविले, आणि त्या धानात पेन रोवून निब वर उभी केली, कारण नवे धान जे धरते ते हलू देत नाही. तोफ डागण्याचे काम सुमनबाईंचे धाकटे बंधू खुशालराव यांजकडे आले. वय सत्तर, हात थोडा कापरा, उत्साह दांडगा.

पहिला बार झाला. चित्रात निब नव्हती, खुशालरावांचे नाक होते. दुसऱ्या बारातही नाकच, अधिक स्पष्ट. शोध करिता समजले की निब आरशासारखी लखलखत आहे, आणि संशय खुशालरावांच्या पत्नी निर्मलाबाई यांजवर गेला.

“निर्मला, निबेले का लावलीस व?” सुमनबाईंनी विचारिले.

“चिंच लावली ना बाई. फोटो काढाचा म्हनता, तर तिले काय काऱ्या तोंडानं बसवाची? पितळेच्या गडव्यासंग तिलेबी घासून देली.”

सुमनबाईंनी निब चुन्नीलालजींपुढे धरिली. चुन्नीलालजींनी अभय दिले की चिंचेने वरचा मळ गेला, टोकाचा दाणा फार कठीण असतो, त्यास काही जाहले नाही. मग समीक्षाच्या पांढऱ्या ओढणीचा शामियाना निबेभोवती उभारला, आणि त्यातून गाळून आलेल्या उजेडात लखलखाट निवला आणि खुशालरावांचे नाक रणातून मागे हटले.

तोच आकाशातून दुसरी फौज आली. बिरसीच्या विमानतळावर वैमानिकीचे शिक्षण चालते, आणि शिकाऊ विमान गेले की अख्ख्या गावाची मान वर जाते. ओसरीवरील पाचही माना वर गेल्या, खुशालरावांचा कोपर डब्यास लागला, आणि चित्रात निबेऐवजी धुके आले. तेव्हा सुमनबाईंनी फर्मान काढिले की मोहीम फत्ते होईतो कोणी विमानाकडे पाहू नये, बोटाने मोबाइल दाबू नये, तीन आकडे मोजणारा टायमर लावावा, आणि आकडे सरेपर्यंत कोणी श्वास सोडू नये.

“बाई, दम धरून धरून मीच आता फोटोत जाऊन बसतो भिंतीवर,” ऐसा अर्ज खुशालरावांनी गुदरला. तो नामंजूर जाहला.

आता एकच शत्रू उरला, पण तो सर्वांत बिकट. टोक स्पष्ट व्हावे तर मधली फट अंधुक, फट स्पष्ट व्हावी तर टोक अंधुक. हाताने वाटी वरखाली करावी तर केसभराचा फरक हातात सापडेना. खुशालराव चिडले, समीक्षा रडवेली जाहली, आणि चुन्नीलालजी घड्याळ पाहू लागले. परंतु सुमनबाईंनी कैक पोरांस एकेक काना, एकेक वेलांटी देऊन मार्गी लाविले होते. त्यांनी कोरे कागद आणविले आणि वाटीखाली एक कागद सरकविला, आणि चित्र घेतले, आणि मग दुसरा, आणि मग तिसरा, आणि कोठेही घाई केली नाही. वाटीचा किल्ला कागदाच्या जाडीएवढा वर चढत गेला. एक्केचाळिसाव्या कागदावर, पावणेतीनच्या सुमारास, टोक काचेसारखे स्वच्छ दिसले.

सर्वांनी डोकी एकत्र केली. मधली फट पाटासारखी सरळ, आणि टोकाच्या एका अंगास तलावाच्या पाळीसारखा लांब, गुळगुळीत उतार. “हा बाबांचा हात,” सुमनबाई म्हणाल्या.

परंतु चुन्नीलालजींनी चित्र बोटांनी आणखी ताणले, आणि दुसऱ्या अंगास एक लहान उतार दाखविला.

“ये देखो. ये दूसरा हाथ है. किसी दाहिने हाथवाले ने भी इससे बरसों लिखा है.”

सुमनबाईंचे कान तापले. त्यांस दुपारी घोरणारे वडील आठवले, धान साठविण्याच्या ढोलीमागची अंधारी जागा आठवली, आणि तेथे बसून चोरून गिरविलेला कित्ता आठवला. पेनास हात लावू नये ही डोमाजी गुरुजींची घरास सक्त ताकीद होती.

खुशालरावांनी चित्र पाहिले, मग बहिणीकडे पाहिले, मग पुन्हा चित्र पाहिले.

“बाई, शाई सांडली का बाबा माहा कान पिरगळे. आन तू दारात उभी राहून म्हने, हो बाबा, खुशालच होता!”

“लहान होतो रे आपन.”

“तू नवाची, मी साताचा. पन कान तं माहा होता!”

निर्मलाबाईंस हसू आवरेना. सुमनबाईंनी पेन उचलले, समीक्षाच्या बोटांत दिले, आणि पहिलीच्या पोरास धरावे तैसा तिचा हात धरून पेन जरासे फिरविले. “अंगठा इकडे घे. आता लिही.” समीक्षाने लिहिले. निब बोलली नाही. शाई नुसती वाहत गेली, कारण नातीचा हात आजीच्या उतारावर नेमका बसला होता.

चुन्नीलालजींनी दगड न वापरताच पिशवीत घातला आणि सांगितले की ही निब घासील तो अडाणी. परंतु खुशालराव त्यांस जाऊ देईनात. त्यांनी साक्षीदार म्हणून त्यांस बसवून तहनामा सांगितला, तो समीक्षाने त्याच पेनाने लिहिला तो ऐसा: पेन सर्व काळ मीच घेत होते, शाई मीच सांडीत होते, खुशाल निर्दोष. खाली सही, सुमन डोमाजी. चुन्नीलालजींस दुर्गची गाडी चार मिनिटे राखून मिळाली.

येणेप्रमाणे निब न घासता मोहीम फत्ते जाहली. सोमवारी समीक्षाची सही हजेरीपटावर उमटली. खुशालरावांनी तहनामा प्रथम निर्मलाबाईंस, मग शेजाऱ्यांस, मग चहाच्या टपरीवर वाचून दाखविला, आणि बुधवारपर्यंत मौजे बिरसीत त्यांचे निर्दोषत्व सर्वांस विदित जाहले. सुमनबाईंनी त्यास हरकत घेतली नाही. चित्र ओसरीवर लाविले आहे, त्यात एका टोकावर दोन उतार पाठीस पाठ लावून आहेत. मजकूर समाप्त.