परग्रहावरचा अर्धा कोयता

काळ पुढे जातो, हे विज्ञानाचे एक अत्यंत गंभीर गृहीतक आहे. बीड जिल्ह्यात ते अद्याप तपासून पाहिलेले नाही.

ही उणीव पंचविसाव्या शतकातल्या कालरक्षक दलाला महागात पडली. परग्रहावरचे शत्रू भूतकाळात शिरून मानवजातीचा नाश करू पाहतात, तेव्हा त्यांच्या आधी तिथे पोचायचे, हे या दलाचे काम. त्यांचे यंत्र भोवतालची परिस्थिती मोजून साल ओळखते. नेकनूरच्या माळावर उतरल्यावर यंत्राने माजलगाव धरणाची पातळी मोजली, टँकरपुढची रांग पाहिली, ‘हा शेवटचा दुष्काळ’ असे ठणकावून सांगणारे एक भाषण ऐकले आणि चार वेगवेगळी साले दाखवली. चारही सारखीच शक्य.

दलाच्या कॅप्टनने लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले, “आजोबा, हे साल कोणतं?”

“दुष्काळाचं.”

“कोणत्या दुष्काळाचं?”

“ते न्हाई सांगता यायचं. मधी खंड कुठं पडलाय?”

कॅप्टन चारही साले एकेक करून तपासत बसला. तोवर शत्रू उतरलाही होता.

शत्रू म्हणजे एकटाच आलेला एक सेनापती. हेतू, पृथ्वीचे पाणी पळवणे. जागा त्याने नकाशावरून निवडली होती. (नकाशात इथे नदी, तलाव आणि पूर्ण झालेल्या पाणीपुरवठा योजना दाखवल्या आहेत.) त्याच्याकडे शोषक किरण होते. ते सोडले की टप्प्यातले सगळे पाणी वर खेचले जाते. चाचणीचे निष्कर्ष असे:

विहीर: फरक नाही.
पाझर तलाव: फरक नाही. (आत क्रिकेटचा सामना चालू होता. एक गडी बाद झाला, पण तो धावचीत.)
हातपंप: फरक नाही.
सरपंच: किंचित घाम गेला.

शत्रूचे यानही पाण्यावरच चालत असल्याने ते परत उडेना. अशा रीतीने पृथ्वीवरील आक्रमण समाप्त होऊन रोजगाराचा प्रश्न सुरू झाला. गावाने त्याचे नाव सटवा ठेवले. (खरे नाव उच्चारायला दोन जिभा लागतात.)

त्या सुमारास धुळाजी मुकादम ऊसतोडीची टोळी जमवत होता. सहकारी कारखान्याची पद्धत इथे सांगायला हवी, कारण इतके सुटसुटीत मापन विज्ञानालाही साधलेले नाही. तोडणीचे एकक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा पुरुष, अर्धा कोयता. एकटी बाई तत्त्वतः अर्धा कोयता. व्यवहारात तो अपूर्णांक सोडून देतात.

छबुबाईचा नवरा मागच्या हंगामात वारला होता. टोळीबरोबर गेले नाही तर तिला दिवाळी ते गुढीपाडवा रिकाम्या गावात काढावा लागणार होता, आणि गाव रिकामे झाले की टँकर येत नाही.

“मला घ्या, मुकादम.”

“अर्ध्याचं मी काय करू, छबुबाई? कारखाना पुरा मागतो.”

“हात तर पुरे हायेत.”

“हात कोन मोजतंय?”

हे धोरण पूर्णपणे निःपक्षपाती होते. सटव्याला सहा हात. तो एकाच वेळी ऊस तोडी, पाचट काढी, शेंड्याचे वाढे छाटी आणि मोळी बांधी. धुळाजीने त्याला खालून वर न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला, “बायको आनलीय का?” आणली नव्हती. अर्धा कोयता.

दोन अर्धे मिळून एक होतो, हे गणितही धुळाजीनेच मांडले. छबुबाईने रीतसर चौकशी केली.

“दारू पितो का?”

“त्याला पानीच भेटंना.”

“हात उगारतो का?”

धुळाजीने लपवाछपवी केली नाही. “तो मानवजातीचा शत्रू हाय. बायकांचा येगळा असा न्हाई.”

“मग लई चांगला हाय,” छबुबाई म्हणाली.

हंगाम उत्तम चालला. सटवा तिघांचे काम करी, छबुबाई मोळ्या वाही, नोंद एक कोयता. टोळीत कुजबूज झाली, पण ती सहा हातांबद्दल नव्हती. विधवा बाई परक्या गड्याच्या शेजारी खोपी टाकून राहते, याबद्दल होती.

अखेर कालरक्षक योग्य सालात पोचले. कॅप्टन शस्त्र रोखून उसाच्या फडात शिरला.

“बाई, बाजूला व्हा. हा पृथ्वीचा शत्रू आहे.”

“असंल. हंगाम सरून कारखाना बंद झाल्यावर न्या.”

“मानवजात धोक्यात आहे.”

“आन् मी? ह्याला न्हेला की मी अर्धी. सांजच्याला मुकादम घरी धाडंल मला.”

कॅप्टनने धुळाजीकडे पाहिले. धुळाजीने मान डोलावली. त्याचा छबुबाईवर राग नव्हता. पद्धतच तशी होती.

“तुमच्याकडं,” छबुबाईने कॅप्टनला विचारले, “इतकी वर्सं फुडं, एकटी बाई पुरी धरत्यात का?”

कॅप्टनने घसा साफ केला. “तो विषय समितीकडे आहे.”

शत्रूला बेड्या घातल्या. (तीन जोड.) त्याआधी त्याने हातातली मोळी नीट बांधून छबुबाईच्या डोक्यावर उचलून दिली. ही गोष्ट शत्रूच्या स्वभावाशी विसंगत असल्याने दलाच्या अहवालातून वगळली आहे. मानवजात वाचली. (छबुबाई तीत धरलेली आहे, अर्धी.) संध्याकाळी तिला बीडच्या एसटीत बसवून दिले.

ही हकीकत छापण्यापूर्वी काही सुशिक्षितांना वाचायला दिली होती. त्यांनी काटेकोर शंका काढल्या. सहा हातांना एक हृदय रक्त कसे पुरवते? यान पाण्यावर कसे चालते? भूतकाळात ढवळाढवळ केल्यावर कार्यकारणभाव कसा टिकतो? वैज्ञानिक दृष्टी समाजात इतकी रुजलेली पाहून समाधान वाटले. एकटी बाई अर्धी कशी, हे त्यांच्यापैकी कुणी विचारले नाही. वाचताना तुम्हीही तिथे अडखळला नाहीत.