कोहळा, नग एक

खापरखेड्याच्या वीज केंद्रात रुपरावांनी अठ्ठावीस वर्षं भांडार सांभाळलं. निरोपाच्या दिवशी गळ्यात पडलेला हारसुद्धा त्यांनी ‘झेंडू एकशे आठ, पैकी सुकलेले नऊ’ अशी नोंद करूनच घरी नेला! ऐंशी सालच्या विधानसभेला देवाजी उभे राहिले तेव्हा त्यांनी या माणसाला खजिनदार केलं. प्रताप नगरातल्या कचेरीत खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच रुपरावांनी मिशीवर हात ठेवून जाहीर केलं, “देवाजी, तुम्ही नुसते हात जोडत फिरा. या टेबलावरून बिननावाचा एक पैसा पास झाला, तर ही मिशी उतरवून देईन.”

मिशीही साधी नव्हती. रस्त्याच्या वळणावर आधी ती वळायची, मग मागून रुपराव.

नियम सोपे होते. देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा, पावती फाडायची, वस्तू आली तर तिची वाजवी किंमत मांडायची. पण तिसऱ्याच दिवशी बायजाबाई आल्या. हिंगण्याची त्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेलेली, त्यामुळे गाठीला पैसा, आणि देवाजींवर पोटच्या पोरासारखी माया. त्यांनी पदराची गाठ सोडून दोन हजार रुपये टेबलावर ठेवले. देवाजींचा चेहरा उजळला, कारण प्रचाराच्या जीपचा मालक आगाऊ पैशासाठी सकाळपासून पायरीवर बसला होता. रुपरावांनी पेन उघडून नाव विचारलं.

“नाव नको लिहू गा,” बाई म्हणाल्या. “दान गुप्तच पाहिजे. नाव लिहिलं का सारं पुण्य पावतीतच राहून जाते.”

“बिननावाचे पैसे मले चालत नाहीत, बाई.”

बाईंनी गाठ पुन्हा बांधली आणि गेल्या. त्यांच्या मागून जीपही गेली. देवाजी बराच वेळ रुपरावांच्या मिशीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई हजर! काखेत तान्ह्या पोराएवढा पांढरा कोहळा, देठाभोवती हळदकुंकवाचा हा जाड थर. “हे तं चालते ना? याच्यावर लिही माह्यं नाव, पाहिजे तेवढं मोठं.”

बाईंना नियम पटला म्हणून रुपरावांना भरून आलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘बायजाबाई, मुक्काम हिंगणा. कोहळा, नग एक. किंमत सव्वा रुपया.’ खाली सही, शिक्का.

आता या कोहळ्याचं करायचं काय? देवाजी म्हणाले, भाजी करा. पण मग भोजनखर्च वाढतो. कुणाला देऊन टाकावा, तर ते मतदाराला आमिष. ठेवावा, तर सडून पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान. रुपरावांनी दारावर कागद चिकटवला, ‘जाहीर लिलाव’. बोली लावणारा एकच निघाला, समोरच्या कचेरीतले नत्थूजी, म्हणजे विरोधी उमेदवाराचा उजवा हात. आदल्या दिवशीच त्यांचा मांडव कोसळला होता आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायला त्यांना कोहळा हवा होता. दीड रुपयात सौदा झाला. चार आणे नफा! रुपरावांनी तोही नोंदवला.

तीन दिवसांनी बायजाबाई पुन्हा डोकावल्या. जीप दिसेना म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि रुपरावांच्या कानाशी लागल्या. “काहून गा, कोहळं कापलं नाही का अजून? आमच्याकडे गुप्तदान कोहळ्याच्याच पोटातून देतात. दोन हजार आहेत त्यात.”

रुपरावांनी मान वर केली. समोरच्या दारावर सुतळीच्या शिंक्यात कोहळा झुलत होता.

तोंड उघडायची सोय नव्हती. पावतीवर त्यांची सही, किंमत सव्वा रुपया. दोन हजारांचा शब्द काढला तर नोंद खोटी आणि देवाजींची उमेदवारी गोत्यात. मुकाट्याने रस्ता ओलांडून त्यांनी नत्थूजींना कोहळ्याचे दोन रुपये देऊ केले. मग पाच. मग अकरा. एकावन्नावर नत्थूजींचे डोळे बारीक झाले. विरोधकाच्या खजिनदाराला आपल्या दारचा कोहळा एकावन्नाला हवा, म्हणजे हा साधा कोहळा नव्हे! तो टांगल्यापासून सभांना गर्दीही वाढली होती. त्यांनी लगेच आणखी एक सुतळी बांधली आणि खाली उदबत्ती लावली.

मे महिन्याचं नागपूरचं ऊन, त्यात देठाशी हळदकुंकवाखाली भोक पाडलेला कोहळा. रुपराव खुर्ची दाराशी ओढून दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. चौथ्या दिवशी त्याला घाम फुटला. पाचव्या दिवशी तो गळू लागला. सहाव्या दिवशी भर दुपारी निवडणुकीचा खर्च तपासणारे साहेब नत्थूजींचा मांडव मोजायला आले आणि मोजत मोजत नेमके दाराखाली थांबले. रुपरावांना सुतळी सरकताना दिसली. ते उपरणं पसरून धावले, पण रस्त्याच्या मधोमध असतानाच फच्च असा आवाज आला!

साहेबांच्या डोक्यावर कोहळ्याची टोपी, आणि पायाशी मेणकापडाच्या पुडक्यातून बाहेर आलेल्या शंभराच्या नोटा.

“कोणाच्या?” साहेबांनी बिया पुसत विचारलं.

नत्थूजींनी खिशातून लिलावाची पावती काढली. पावतीत कोहळा होता, नोटा नव्हत्या. रुपरावांच्या नोंदीतही एकच नग होता. रस्त्यावर साठ-सत्तर माणसं, समोर दोन हजार रुपये, आणि कोणी हात लावायला तयार नाही! साहेब म्हणाले, मग सरकारजमा करतो.

“कोणाचेच नसतील तं माह्ये आहेत,” गर्दीतून बायजाबाई पुढे आल्या. “घरी तिजोरी नाही साहेब, मी कोहळ्यातच ठेवून राहते पैसे. घाईत देऊन बसली.”

त्यांनी नोटा पदराला पुसून गाठीत बांधल्या. रुपराव मागोमाग गेले. कोपऱ्यावर त्यांनी हळूच पावतीपुस्तक काढलं आणि आता नाव लिहून द्याल का, असं पुटपुटले.

“माह्या दानाची किंमत तूच सव्वा रुपया केली ना गा?” बाई न थांबता म्हणाल्या. “तेवढीच राहू दे.”

देवाजी शेवटचे आठ दिवस पायी फिरले, सहा किलो उतरले आणि पडले. समोरचे निवडून आले. नत्थूजी आजही म्हणतात, कोहळ्याचा गुण.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी रुपराव कचेरी आवरायला आले तर ओळखू येईनात. ओठाच्या वर नुसतं पांढरं पठार! मिशी काहून काढली, असं देवाजींनी विचारलं.

“ऊन किती होऊन राहिलं,” रुपराव म्हणाले.

न्हाव्याचे आठ आणे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. पक्षाच्या खर्चात टाकले नाहीत.