शिंकेचा खर्चा

आष्टीच्या बद्रीनाथचं हर्नियाचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं होतं. घोळ झाला तो आठव्या दिवशी. टाके उसवले, जखम चिघळली आणि पुन्हा परतूरचा दवाखाना! आता महिन्याभरानं जालन्याच्या कॉलेजातली तृप्ती फॉर्म घेऊन ओसरीवर बसली होती. ऑपरेशननंतर काही बिघडलं तर घराला किती भुर्दंड बसतो, याचा तिचा अभ्यास होता.

"काका, टाके कशानं उसवले?"

"शिंकेनं," बद्रीनाथ नेहमीसारखं म्हणाला. पण आज त्याची नजर तिच्या फॉर्मवर गेली. आता हे कागदावर चढणार!

"लई मोठी शिंक व्हती," चुलीपाशी बसलेली त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "लिव्ह पोरी. दुसऱ्यांदा टाके, नऊ हजार. रिक्षाच्या अकरा खेपा. अन् पुन्हा शिंक नको म्हणून घरात फोडणीच बंद. महिना झाला, बिनफोडणीचं वरण खाऊन राह्यले बिचारे. सहा किलो मिरची नणंदेला देऊन टाकली."

तृप्तीनं मान वर केली. "शिंकच ना काका, नक्की? कारण चुकलं तर पुढं डॉक्टर लोक शिंकेवरच उपाय शोधत बसतील."

झालं! आपल्यापायी उभ्या जिल्ह्याची फोडणी बंद होणार, या विचारानं बद्रीनाथ कासावीस झाला.

"खोडा ती शिंक! भरलेला हंडा उचलला मी. आठ दिवस ही माझ्यापायी जागल्ती. दुपारी बसल्या जागी डोळा लागला हिचा, अन् नेमका नळ आला. म्हणलं, झोपू द्यावं. खरं सांगितलं असतं तर जल्मभर सोताला बोल लावत बसली असती."

"मला ठाऊक व्हतं," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "झोपले तवा हंडा रिकामा, उठले तर काठोकाठ. शिंकेनं हंडा भरतो व्हय?"

"मंग महिनाभर फोडणी कामून बंद केली?"

"खोटं बोललात, त्याचा भुर्दंड तुम्ही भोगा म्हणलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्या झोपेपायी पोट फाडून घेता, येड्यावाणी!"

मग तिनं पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, वर दोन लाल मिरच्या. घरभर ठसका उठला आणि बद्रीनाथला खरीखुरी, भिंती हादरवणारी शिंक आली.

पळी तिथंच टाकून गोजरबाई धावली. दोन्ही हातांनी तिनं त्याचं पोट दाबून धरलं. जखमेला काही झालं नव्हतं, तरी तिनं हात काढले नाहीत. चुलीपाशी सांडलेलं तेल चरचरत होतं.

"लिव्ह पोरी," ती तशीच म्हणाली, "पळीभर तेल. हे मात्र शिंकेच्याच नावावर."