पुड्याची मागची बाजू

दौलतकाका लग्नाला गेले की आधी आचाऱ्याकडे जातात आणि तेलाचा रिकामा डबा मागतात. खिशातून भिंग काढून डब्यावरची बारीक अक्षरं वाचतात. 'पाम' दिसलं की नवरीच्या बापाला हात जोडतात. "तिकडं जीव मरून राहिले, अन् तुमी इथं बुंदी तळून राहिले!" एवढं बोलून उपाशीच घरी जातात.

आमचं सगळं पवनी गाव त्यांना हसतं, आणि मला गावाचा संताप येतो.

कारण या वेडाची सुरुवात माझ्या पत्रकापासून झाली. पामतेलाच्या मळ्यांसाठी बोर्निओ-सुमात्राची जंगलं तोडतात. तिथल्या झाडांवर राहणारा तांबडा, केसाळ ओरांगउटान बेघर होतो. आईला मारून तिच्या छातीशी बिलगलेलं पिल्लू विकतात. हे सगळं मी लिहिलं, छापलं, आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून घेतली, तीही पामतेलातलीच! एकट्या दौलतकाकांनी ते घडी घालून घरी नेलं.

काका जुने विणकर. बायको लवकर गेली. तान्ह्या सुषमाला पाठीशी बांधून त्यांनी हातमाग चालवला. पत्रक वाचल्यावर त्यांनी घरात जवसाच्या तेलाशिवाय दुसरं तेल येऊ दिलं नाही, आणि रोज सकाळी किराणा दुकानावर धाड सुरू केली.

"या पुड्यात कोणतं तेल हाये?"

"खाद्य वनस्पती तेल लिहिलं आहे, काका."

"कोणती वनस्पती? तुळस का? नाव लपवते तो चोर!"

दुकानदार एकदा चिडला. "आपल्या जंगलात वाघ मरते, अन् तुमी कुठच्या माकडाले रडता?"

"माकड नाही. शेपूट नाही त्याले. वाघाले पाहाले जीपगाड्या भरून लोकं येतेत. याले कोण हाये?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. ज्यांच्या हातात पिल्लांचं घर तोडून काढलेल्या तेलात तळलेला चिवडा होता, तीच माणसं हसत होती. मला वाटलं, एकेकाच्या हातातून पुडा हिसकावून घ्यावा.

पण मागच्या उन्हाळ्यात काकांनी तुमसरला, सुषमाच्या सासरी, तिच्या दिराच्या लग्नात तसाच तेलाचा डबा मागितला, आणि भरल्या मांडवात तेच वाक्य म्हटलं. व्याही रागावले. सुषमा रडत म्हणाली, "बाबा, तुमाले ते माकड प्यारं. पोरीची इज्जत नाही!" तेव्हापासून ती माहेरी आली नाही. नात गुड्डीचा फोनही बंद झाला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. काका म्हणाले, "बाबू, मंडईत सारे येतेत. तिथं आपण सांगू." त्यांनी शेंदरी सुतानं एका पडद्यावर मोठा ओरांगउटान विणला होता, छातीशी पिल्लू धरलेला. आम्ही तो बसस्टँडच्या रस्त्यावर दोन बांबूंना बांधला.

मी भाषणासाठी घसा साफ करेपर्यंत एका म्हाताऱ्या आजीनं पुढं येऊन चित्राला कुंकू लावलं. दुसरीनं नारळ फोडला. शेंदरी रंग, वानराचं तोंड. अजून काय पाहिजे? बघता बघता रांग लागली.

"आजी, हा मारुती नाही व!" काका ओरडले.

"नाही कसा? दिसून तं राहिला."

"शेपूट कुठं हाये त्याले?"

"मागं असंल," आजी शांतपणे म्हणाली, आणि चित्रापुढं बुंदीचा लाडू ठेवला.

काकांनी भिंग काढलं, लाडवाकडं पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं. मला तर रडूच येत होतं. देव म्हणून हात जोडतील, पण जीव म्हणून वाचवणार नाहीत! मी आजीला सुनवायला तोंड उघडलं, तर काकांचं लक्षच नव्हतं. तुमसरकडून बस आली होती. ते उतरणारा एकेक चेहरा न्याहाळत होते. बस रिकामी झाली. पुढचीही झाली.

दिवस कलला तसं आम्ही चित्र गुंडाळून त्यांच्या घरी आणलं. मी पाणी प्यायला आत गेलो. शिंक्यात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता. मी तो उलटला. पाम! माझं डोकं भणाणलं.

"काका, हे काय? तुमच्या घरात?"

ते गुंडाळलेल्या चित्रावरचं कुंकू झटकत होते. मान वर न करता म्हणाले, "गुड्डीले तेच आवडते. मंडईले येईल म्हटलं."



"तुनंच तं सांगितलं होतं ना गा बाबू," ते हळूच म्हणाले, "त्याचं पिल्लू सहा-सात वर्सं मायले सोडत नाही म्हणून. अन् पोरगी मोठी झाली, दूर गेली, तरी मायले भेटाले येते. खरं लिवलं होतं न?"

"खरं आहे, काका."

"मंग येईल."

मी पुडा परत शिंक्यात ठेवला. मागची बाजू भिंतीकडं करून.